दाखल क्रमांक नसलेली पुस्तकं

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं अनुदानित महाविद्यालय. मे महिना. परीक्षा आटोपलेल्या आहेत आणि ग्रंथालयात वार्षिक पडताळणी सुरू आहे. दोन परिचर रॅकपाशी उभे राहून एकेक पुस्तक उघडतात, आतला दाखल क्रमांक मोठ्यानं वाचतात. टेबलाशी बसलेल्या ग्रंथपाल मॅडम नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पेन्सिलीनं खूण करतात. क्रमांक सापडला नाही की त्या मान वर करतात. परिचर दोन्ही बाजूंची पुस्तकं सरकवून पाहतात, खालच्या फळीवर हात घालतात आणि बहुतेक वेळा पुस्तक भलत्याच विषयात घुसलेलं सापडतं.

नोंदवही मोठ्या आकाराची आहे, कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानांवरचं अक्षर बोरूच्या वळणाचं आहे. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, बिल क्रमांक, किंमत, आणि शेवटी अरुंद रकाना शेऱ्याचा. त्या शेऱ्यात कुठे ‘गहाळ’, कुठे ‘वाळवी’, कुठे लाल शाईत ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून काढून टाकलेलं. पुस्तक आलं की त्याच्या मुखपृष्ठामागे जांभळा गोल शिक्का बसतो आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही. ते पान कोणतं हे फक्त ग्रंथालयातल्या माणसांना ठाऊक असतं. पहिली पानं फाडून कुणी पुस्तक पळवलं, तरी ते कुणाचं हे त्या पानावरून सिद्ध करता येतं. मालकी म्हणजे काय, याचा इतका साधा आणि चोख पुरावा दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक संस्थेत क्वचितच असेल.

त्याच टेबलावर एक संगणक आहे. त्याच्या पडद्यावरून या महाविद्यालयाला सहा हजारांहून अधिक नियतकालिकं आणि दोन लाखांच्या घरातली ई-पुस्तकं उघडता येतात. रॅकवरची सगळी पुस्तकं मोजली तरी त्यांच्यापेक्षा हा संग्रह कितीतरी मोठा. पण त्यातल्या एकाही पुस्तकाला दाखल क्रमांक नाही, शिक्का नाही, शेऱ्याचा रकाना नाही. पडताळणीत त्याचं नावही येत नाही.

‘ऑडिटला आलेले साहेब विचारतात, पैसे भरलेत तर वस्तू दाखवा,’ मॅडम सांगतात. ‘मी पावती दाखवते. ते म्हणतात, पावती दिसतेय, वस्तू कुठाय?’

साहेबांचा प्रश्न चुकीचा नाही. सरकारी नियमांची रचनाच वस्तूंवर उभी आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला २१५ वा नियम ग्रंथालयांच्या पडताळणीचा आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी संपूर्ण मोजणी, वीस ते पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्यापुढे नमुना पडताळणी. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या वा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले तर ते वाजवी समजावं. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी व्हावी. नियम शहाणपणाचा आहे, कारण वाचकांसाठी कपाटं उघडी ठेवली की थोडी गळती होणारच, हे तो मान्य करतो. पण एका रात्रीत हजारभर ग्रंथ पडद्यावरून नाहीसे झाले तर काय, याचा विचार त्यात नाही.

पुण्यात सुरू झालेली गोष्ट

कागदी नियतकालिकांचा काळ ज्यांनी चालवला ते ग्रंथपाल आता निवृत्त झालेत किंवा होत आले आहेत. त्यांच्याकडून त्या काळाची कामं ऐकताना जाणवतं की एकेक अंक मिळवणं हेच मोठं काम होतं. परदेशी नियतकालिकाची वर्गणी वर्षाआधी भरायची. डॉलर-पौंडांचा भाव ‘गुड ऑफिसेस कमिटी’ ठरवून देई, त्या भावानं एजंट बिल करी. अंक बोटीनं येत, दोन-तीन महिने उशिरा. आलेल्या अंकाची नोंद कार्डेक्समध्ये व्हायची. ते सपाट खणांचं लोखंडी कपाट, प्रत्येक नियतकालिकाचं एक कार्ड, प्रत्येक महिन्याचा एक चौकोन. चौकोन रिकामा राहिला की एजंटाला पत्र: अंक मिळाला नाही. वर्ष संपलं की बारा अंक बाइंडरकडे. रेक्झिनचा पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि मग त्या बांधीव खंडाला दाखल क्रमांक.

रुपयाची घसरण आणि नियतकालिकांच्या वाढत्या किमती यांनी १९९० च्या दशकात ही व्यवस्था मोडकळीला आणली. विद्यापीठांनी एकेक वर्गणी बंद करायला सुरुवात केली. याच सुमाराला, १९९१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प सुरू केला. तो आरंभी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्रात होता. देशभरच्या विद्यापीठ ग्रंथालयांना एका जाळ्यात जोडायचं, हा हेतू. पुढे तो अहमदाबादला गेला, १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झाला आणि आता गांधीनगरात आहे. २००३ च्या डिसेंबरात तत्कालीन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी विद्यापीठांसाठीच्या सामायिक ई-नियतकालिक योजनेचं उद्घाटन केलं. प्रत्येक विद्यापीठानं प्रकाशकाच्या दारात एकटं उभं राहण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एकदाच सौदा करायचा, ही त्यामागची कल्पना. ज्या विद्यापीठांनी कधी शंभर परदेशी नियतकालिकंही पाहिली नव्हती, त्यांच्याकडे काही हजार उघडली. हा बदल किती मोठा होता, हे सोलापूर-नांदेडच्या त्या वेळच्या संशोधक विद्यार्थ्यांना विचारावं. एका लेखासाठी मुंबई-पुण्याची रात्रीची एसटी पकडणं त्यांना नित्याचं होतं.

महाविद्यालयांची पाळी २०१० मध्ये आली. एन-लिस्ट या योजनेत वर्षाला काही हजार रुपये भरून अनुदानित महाविद्यालयाला सभासद होता येतं. २०१५ च्या अखेरीस विद्यापीठं, तंत्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालयं यांच्या वेगवेगळ्या योजना ‘ई-शोधसिंधू’ या एका नावाखाली आल्या.

कागदावर हे सुटसुटीत दिसतं. ग्रंथालयाच्या टेबलावर त्याचं रूप निराळं आहे. विद्यापीठाच्या आवारात संगणकाचा पत्ताच ओळख म्हणून चालतो. महाविद्यालयांत प्रत्येक प्राध्यापकाचं आणि विद्यार्थ्याचं नाव, ई-मेल ग्रंथपालानं योजनेच्या संकेतस्थळावर चढवायचं, मग त्या व्यक्तीला स्वतंत्र खातं आणि पासवर्ड मिळतो. दरवर्षी नवे विद्यार्थी, म्हणजे दरवर्षी नवी यादी. मुलांचे ई-मेल बहुधा मोबाइलच्या दुकानात कुणीतरी उघडून दिलेले असतात, त्यांचे पासवर्ड त्यांनाच माहीत नसतात. ‘मॅडम, पासवर्ड चालंना,’ ही तक्रार घेऊन दिवसाला चार जण तरी काउंटरशी येतात. मॅडम त्यांना शेजारी बसवून खातं पुन्हा सुरू करून देतात. पुस्तकाची देवघेव अर्ध्या मिनिटाची असते. ही देवघेव वीस मिनिटं चालते आणि तिची नोंद कुठल्याच नोंदवहीत होत नाही.

अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पदच रिकामं आहे. तिथे एखाद्या प्राध्यापकाकडे जादा कार्यभार म्हणून ग्रंथालय असतं. वर्गणी भरलेली असते, मूल्यांकनासाठी ‘नॅक’च्या अहवालात तिचा उल्लेखही होतो, पण विद्यार्थ्यांची खाती उघडायला माणूस नसतो. आपल्याकडे ई-ग्रंथालय अपुरं पडतं ते बहुतेक वेळा इथेच. यंत्र आणि पैसा यांपेक्षा टेबलामागच्या माणसाची उणीव मोठी आहे.

सहा हजार कोटींची वर्गणी

२५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे तेरा हजार ई-नियतकालिकं, सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था, जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. सौदा आणि अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडे. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, आयईईई अशी मोठी नावं यादीत आहेत.

सरासरी काढली तर एका संस्थेमागे वर्षाला साधारण बत्तीस लाख रुपये पडतात. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयाचं ग्रंथालयाचं सगळं अंदाजपत्रक पाहिलं तर ही रक्कम त्याच्या स्वप्नातही नव्हती. आयआयटीला जे उघडतं तेच गडचिरोलीच्या सरकारी महाविद्यालयालाही उघडावं, यात मोठा न्याय आहे आणि तो मोकळेपणानं मान्य करायला हवा. याआधी वाट कोणती होती? साय-हब, म्हणजे सशुल्क लेख परवानगीशिवाय फुकट देणारं संकेतस्थळ. देशातले संशोधक ते संकेतस्थळ सर्रास वापरत, आणि एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दावा लावला होता. ज्याला कायदेशीर दार नाही तो खिडकीतून येणारच. आता निदान काहींना दार मिळालं.

काहींनाच, कारण पहिल्या टप्प्यात खासगी संस्था नाहीत. महाराष्ट्रासारख्या राज्यात, जिथे उच्च शिक्षणाचा मोठा डोलारा खासगी संस्थांनी उभा केला आहे, तिथे हा फरक जाणवतो. दुसरं असं की ही योजना नियतकालिकांची आहे, पुस्तकांची नाही. आणि तेरा हजारांच्या या संग्रहात विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक यांचं पारडं जड आहे. एम.ए. मराठीच्या विद्यार्थिनीला, महानुभाव वाङ्मयावर काम करणाऱ्याला, दलित साहित्याचा इतिहास शोधणाऱ्याला त्यात फारसं काही नाही. हा त्या प्रकाशकांचा दोष म्हणता येणार नाही. मराठीतली अभ्यासपूर्ण नियतकालिकं विकायला त्यांच्याकडे नाहीतच, कारण ती ई-रूपात कुणी नीट उभीच केलेली नाहीत.

करारात काय लिहिलंय

कागदी वर्गणी बंद केली की पुढचे अंक थांबत. मागचे वीस वर्षांचे खंड रॅकवर राहत. ई-वर्गणीचं तसं नाही. भाड्याच्या घरासारखं आहे: भाडं थांबलं की किल्ली गेली. काही करारांत, ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे लेख पुढेही उघडत राहतील, अशी अट असते. काहींत नसते. ई-पुस्तकांच्या संग्रहात तर कित्येकदा एका वेळी एकाच वाचकाला पुस्तक उघडता येतं, ठरावीक पानंच छापता येतात, आणि कोणतं पुस्तक संग्रहात ठेवायचं कोणतं काढायचं हे विक्रेता ठरवतो.

ही भीती कल्पनेतली नाही. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, अमेरिकेतली विद्यापीठं नुकती सुरू होत असताना, वायली या प्रकाशकानं प्रोक्वेस्ट या विक्रेत्याच्या एका मोठ्या वर्गणी-संग्रहातून १,३७९ ई-पुस्तकं काढून घेतली. त्यांतली कित्येक चालू सत्रात नेमलेली पाठ्यपुस्तकं होती. प्राध्यापकांचे अभ्यासक्रम छापून झालेले, विद्यार्थी वर्गात बसलेले, आणि ग्रंथालयाच्या तालिकेतला दुवा मृत. ओरड झाल्यावर ती पुस्तकं जून २०२३ पर्यंतच्या मुदतीनं परत आली. ग्रंथालयांनी कुठलाही नियम मोडला नव्हता, पैसेही भरले होते.

दुसरं उदाहरण लंडनचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. ग्रंथालयानं खंडणी दिली नाही. मुख्य तालिका पुन्हा ऑनलाइन शोधता येऊ लागली ती जानेवारी २०२४ मध्ये, आणि इतर सेवा परतायला त्याहून कितीतरी जास्त काळ गेला. मधल्या महिन्यांत इमारतीतले कोट्यवधी ग्रंथ जागच्या जागी होते. ते कुठे आहेत हे सांगणारी व्यवस्था गेली होती.

यावर जगानं काही उपाय शोधलेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेला ‘लॉक्स’ हा त्यातला एक. एका नियतकालिकाच्या प्रती अनेक ग्रंथालयांच्या संगणकांवर ठेवायच्या, त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, एक बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त करायची. ‘पोर्टिको’ नावाची व्यवस्था प्रकाशकांकडून मूळ फाइलीच घेऊन ठेवते आणि प्रकाशक बुडाला किंवा त्यानं नियतकालिक बंद केलं तर वाचकांसाठी ती उघडते. म्हणून ग्रंथपालाचं काम बदललं आहे. पूर्वी तो पुस्तकाची बांधणी तपासे. आता त्यानं करार तपासायला हवा. वर्गणी संपल्यावर काय उरेल, प्रती आणखी कुठे ठेवल्या आहेत, दुसऱ्या ग्रंथालयाला लेख पाठवता येईल का, हे विचारायला हवं. आपल्याकडे हे करार दिल्ली-गांधीनगरच्या पातळीवर होतात, त्यामुळे तालुक्याच्या ग्रंथपालाला ते पाहायलाही मिळत नाहीत. सहा हजार कोटी ही जनतेची रक्कम आहे. २०२७ संपल्यावर या संस्थांच्या हाती कोणत्या वर्षांचे लेख कायमचे राहणार, हे सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत जाहीर व्हायला हवं.

रॅक रिकामे, खुर्च्या भरलेल्या

पुण्यात कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात सकाळी जावं. जागा धरण्यासाठी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, वह्या ठेवलेल्या दिसतात. बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची. त्यांच्यासमोर स्वतःची पुस्तकं आहेत, झेरॉक्स आहेत, मोबाइलवर पीडीएफ आहे. ग्रंथालयाकडून त्यांना हवं आहे ते टेबल, पंखा, शांतता आणि रात्री उशिरापर्यंत उघडं दार. जळगावहून, बीडहून आलेल्या मुलाला कॉट बेसिसच्या खोलीत अभ्यास होत नाही. ही खुर्ची त्याची गरज आहे.

त्यामुळे जागेचा ताण दोन्हीकडून येतो. प्राचार्य म्हणतात, बांधीव खंडांना कुणी हात लावत नाही, ते हलवा आणि तिथे अभ्यासिका करा. मागणी रास्त आहे. जेस्टोर या विख्यात ई-संग्रहाचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत जुन्या खंडांनी जागा व्यापली होती, नव्या इमारतीला पैसे नव्हते. तेव्हा मेलन फाउंडेशनचे विल्यम बोवेन यांनी असं सुचवलं की हे खंड एकदाच स्कॅन करावेत आणि सगळ्यांनी मिळून वापरावेत. १९९५ मध्ये संस्था उभी राहिली, सुरुवात दहा नियतकालिकांपासून झाली. स्कॅन झालेल्या खंडांच्या कागदी प्रतीही तिनं जतन करायची व्यवस्था केली.

ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी २००७ पासून ‘यूके रिसर्च रिझर्व्ह’ नावाची योजना चालवली. कुठल्याही ग्रंथालयाला जुनी नियतकालिकं काढायची असली की आधी यादी मध्यवर्ती ठिकाणी पाठवायची. ब्रिटिश लायब्ररीत एक आणि सभासद ग्रंथालयांत दोन अशा तीन प्रती देशात शिल्लक राहतात याची खात्री झाली की मगच बाकीच्या प्रती निकालात काढायच्या. या पद्धतीनं शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या फळ्या मोकळ्या झाल्या आणि एकही नियतकालिक देशातून नाहीसं झालं नाही. पैशापेक्षा शिस्तीचं काम आहे हे.

आपल्याकडे निर्लेखन होतं ते प्रत्येक संस्थेच्या चार भिंतींत. ग्रंथालय समितीची बैठक, ठराव, यादी, प्राचार्यांची सही, रद्दीवाल्याचं दरपत्रक. यादीत इंग्रजी रसायनशास्त्राचे खंड असतात, जे आता ई-रूपात मिळतात. ते गेल्याचं फार दुःख करू नये. पण त्याच यादीत, त्याच रकान्यात, चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एखाद्या मराठी मासिकाचे बांधीव अंक असतात, साखर कारखान्याच्या सभासदांसाठी निघणारी पत्रिका असते, महाविद्यालयाचे स्वतःचे जुने वार्षिकांक असतात. दोन्हींना किलोला एकच भाव. इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ ही संयुक्त तालिका देशातल्या विद्यापीठ ग्रंथालयांचे संग्रह एकत्र दाखवते, तिचा उपयोग मोठा आहे. पण तालुक्याच्या महाविद्यालयात काय आहे, ते तिथून कळत नाही. मग आपल्या हातातली प्रत राज्यातली शेवटची आहे की नाही, हे ग्रंथपालानं कसं ठरवावं?

शोधलं तर सापडेना

मराठी मजकूर स्कॅन झाला म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ च्या विनियमांत म्हटलं, आणि विद्यापीठांच्या तळघरांत धूळ खाणारं संशोधन पहिल्यांदा घराबाहेर पडलं. मराठी विषयाचेही प्रबंध त्यात भरपूर आहेत. ही फार मोलाची गोष्ट आहे.

आता त्यातला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा मराठी प्रबंध उघडावा. पडद्यावर अक्षर स्वच्छ दिसतं. त्यात ‘तमाशा’ हा शब्द शोधायला टाकावा. पानोपानी तमाशाचीच चर्चा चालू असते, आणि संगणक सांगतो, सापडला नाही. मजकुराची एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता पडतो. कारण प्रबंध टाइप झाला तो युनिकोडमध्ये नव्हे, श्रीलिपी किंवा आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये. त्या फॉन्टमध्ये संगणक आतल्या आत रोमन अक्षरांचे आकडेच साठवतो, फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. माणूस वाचू शकतो, यंत्राला त्यातलं मराठी कळत नाही. त्यामुळे असा प्रबंध शोधायचा तर केवळ शीर्षक, नाव आणि विषय यांच्या नोंदीवरून. त्या नोंदी कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये मराठवाडा दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला.

याहून वाईट अवस्था ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’च्या पुस्तकांची होती. या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या त्या प्रकल्पात हजारो जुनी मराठी पुस्तकं स्कॅन झाली. पण शीर्षकं रोमनमध्ये अशा काही वर्णलेखनात घातली, मध्येच स्वल्पविराम, मध्येच संयोगचिन्ह, की नेमकं पुस्तक शोधणं नशिबावर सोपवावं लागे. पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. ‘इंटरनेट आर्काइव्ह’नं लाखो पुस्तकांच्या प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून आज ती वाचायला तरी मिळतात.

उपाय आहेत. पानाच्या चित्रावरून अक्षर ओळखणारी सॉफ्टवेअर आता मराठीतही बऱ्यापैकी चालतात. ‘टेसरॅक्ट’ तर फुकट मिळतं. जुन्या खिळ्यांची छपाई, जोडाक्षरं, फिकट शाई, अर्धा र यांत ती अडखळतात, तिथे डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करणारं माणूस लागतं. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक हे काम करत आहेत. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दरवर्षी एकेक जुनं पुस्तक दिलं तर त्यांचं वाचनही होईल आणि मजकूरही उभा राहील. केलेल्या कामाची उदाहरणंही जवळच आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं आपल्या संग्रहातली जुनी, दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून खुली केली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं ‘ग्रंथ संजीवनी’ उभी केली. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज मोबाइलवर वाचता येतात.

यादी कोण करणार?

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली, पुढचा खंड १९५० पर्यंत नेला. कोणतं पुस्तक कधी, कुठे, कुणी छापलं, हे आजही अभ्यासक तिथे पाहतात. तेव्हा संगणक नव्हता, योजना नव्हती, हजारो कोटींची तरतूद तर नव्हतीच. आज राज्यातल्या महाविद्यालयांच्या तालिका बहुतेक ठिकाणी संगणकावर आल्या आहेत. कुणी इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ वापरतं, कुणी न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं आणि फुकट मिळणारं ‘कोहा’. त्या तालिका एकमेकींना जोडायच्या आणि त्यातून मराठी नियतकालिकांची एकच यादी काढायची, एवढंच काम उरलं आहे. राज्यातली विद्यापीठं मनावर घेतील तर ते होण्यासारखं आहे.

कायदाही आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी सोय झाली की विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याकडे कागदी प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लोटली की ग्रंथ सर्वांना खुला होतो. आणि महाविद्यालयाचे स्वतःचे वार्षिकांक तर आपल्याच कपाटात आहेत. गावातल्या किती लेखकांची पहिली कविता, पहिली कथा त्या अंकांत छापलेली आहे! ती जगातला कुठलाही प्रकाशक आपल्याला वर्गणीत देणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या त्या ग्रंथालयात मॅडमनी यंदा निर्लेखनाच्या यादीला एक रकाना वाढवला आहे: ‘अन्यत्र उपलब्ध?’ इंग्रजी खंडांपुढे तो पटापट भरतो. मराठी नियतकालिकांपुढे त्या आधी मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत फोन करतात, आणि उत्तर मिळेपर्यंत ते अंक रॅकवरून हलू देत नाहीत.

या लेखाच्या वाचकांत महाविद्यालयांचे प्राध्यापक असतील, संस्थाचालक असतील, माजी विद्यार्थी संघटनांचे पदाधिकारी असतील. त्यांना एवढीच विनंती आहे. आपल्या महाविद्यालयाच्या निर्लेखनाची यादी येत्या मार्चच्या आधी मागवून घ्या, त्यातली मराठी नियतकालिकं आणि जुने वार्षिकांक वेगळे काढायला सांगा, आणि त्यांच्या स्कॅनिंगचा खर्च कोण देणार हे त्याच बैठकीत ठरवा.